आधी माणसं, मग आर्मी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत एका आईचं पत्र होतं. मुलानं सुटीत लॅपटॉपवर ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ घेतला, पण रोज विसाव्या मिनिटाच्या आत त्याचं राज्य जळून जातं, तो चिडतो, जेवत नाही, आणि आता म्हणतो की त्यापेक्षा मोबाइलवरचाच राज्याचा खेळ बरा. हा खेळ बारा-तेरा वर्षांच्या मुलाला झेपणारा नाही का, असा त्यांचा प्रश्न होता. खाली कुणीतरी उत्तर दिलं आहे की मुलाला आधी किल्ला बांधायला आणि सैन्य वाढवायला शिकवा. मला ते उत्तर वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. नवीन मुलं हरतात ती नेमकी याच सल्ल्यामुळे.

मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं सायबर कॅफे होतं. आता तिथे झेरॉक्स, रेल्वेची तिकिटं आणि परीक्षांचे ऑनलाइन फॉर्म, एवढंच काम चालतं. मागच्या खोलीतले काही संगणक मात्र मी अजून केबलने एकमेकांना जोडून ठेवलेत. शाळा सुटल्यावर मुलं येतात आणि चौघं-चौघं मिळून हा खेळ खेळतात. कॅफे भरात होतं तेव्हा जी पोरं इथे बसायची त्यांतली काही आता पुण्यात, काही बंगळुरात नोकरी करतात, आणि गणपतीला आली की अजून एक डाव टाकून जातात. त्यामुळे नवशिका कुठे अडतो हे मी फार जवळून पाहिलेलं आहे. सगळी मुलं एकाच ठिकाणी अडतात. लढाईत कुणी अडत नाही, त्याच्या खूप आधी अडतात.

ज्या पालकांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा खेळ 1999 साली आला. एन्सेम्बल स्टुडिओज या अमेरिकन कंपनीनं तो बनवला आणि मायक्रोसॉफ्टनं प्रसिद्ध केला. 2019 साली त्याची सुधारलेली ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ निघाली, आज बहुतेक जण तीच खेळतात. रोमन साम्राज्य मोडलं तिथपासून साधारण 1600 पर्यंतचा काळ त्यात आहे. तुम्हाला एक टाउन सेंटर (राज्याची मुख्य इमारत, नवी माणसं इथूनच निघतात), तीन गावकरी (मुलं त्यांना ‘व्हिलेजर’ किंवा नुसतं ‘माणसं’ म्हणतात) आणि एक घोडेस्वार टेहळ्या मिळतो. हाताशी 200 अन्न, 200 लाकूड, 100 सोनं आणि 200 दगड. एवढ्यावर डार्क एज, फ्यूडल एज, कॅसल एज आणि इम्पीरियल एज अशा चार टप्प्यांतून राज्य वर न्यायचं आणि शेजारच्या राज्याला हरवायचं.

आता त्या मुलाचं काय होत असेल ते सांगते. तो खेळ सुरू करतो, दोन-चार माणसं काढतो, मग बॅरॅक बांधतो आणि तलवारवाले काढायला लागतो. सहाव्या मिनिटाला त्याच्याकडे चार-पाच शिपाई असतात आणि अन्न शून्य. अन्न नाही म्हणून नवा व्हिलेजर नाही, आणि व्हिलेजर नाही म्हणून अन्न नाही. समोरचा तोपर्यंत शांतपणे पंधरा-सोळा माणसं कामाला लावून बसलेला असतो. पुढची बारा मिनिटं खेळ चालू राहतो, पण निकाल लागलेला असतो. एका तलवारवाल्याला जेवढं अन्न लागतं, तेवढ्यात एक व्हिलेजर येतो. पहिल्या पाच मिनिटांत शिपाई काढणं म्हणजे पेरणीसाठी ठेवलेला शाळू दळून खाणं.

हिशेब फार सोपा आहे आणि मी तो मुलांना वहीत मांडायला लावते. एका व्हिलेजरला 50 अन्न लागतं आणि तो तयार व्हायला 25 सेकंद लागतात. कामाला लागला की तो मिनिटाला वीसच्या आसपास अन्न किंवा लाकूड आणतो. म्हणजे अडीच मिनिटांत त्यानं आपला खर्च फेडला, पुढचं सगळं राज्याचं. आता टाउन सेंटर तीन मिनिटं रिकामं राहिलं असं धरा. तीन मिनिटांत सात व्हिलेजर कमी झाले. सात माणसं मिनिटाला 140 आणतात. पुढच्या दहा मिनिटांत 1400 गेले. कॅसल एजमध्ये जायला 800 अन्न आणि 200 सोनं लागतं, म्हणजे तो सगळा खर्च त्या तीन रिकाम्या मिनिटांत बुडाला आणि वर चारशे गेले. आठवीतल्या मुलीनं हा हिशेब माझ्यासमोर केला तेव्हा तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “काकू, म्हणजे मी लढाईत हरतच नव्हते.” तेच तर.

म्हणून मी नव्या मुलाला पहिला आठवडा लढूच देत नाही. त्याला एकच काम देते: संगणकाच्या सोप्या पातळीविरुद्ध बस, आणि टाउन सेंटर एकदाही रिकामं न ठेवता कॅसल एजला पोच. शत्रू आला तर आला, हरलास तर हरलास. माणसं काढणं थांबलं नाही पाहिजे. कीबोर्डवर ‘एच’ दाबलं की नजर थेट टाउन सेंटरवर येते. दर थोड्या वेळानं एच दाबायची सवय बोटांना लागली की अर्धं काम झालं. आणि टिंबाचं बटण दाबलं की जो व्हिलेजर हात बांधून उभा आहे तो सापडतो. ही दोन बटणं तलवारीपेक्षा जास्त कामाची आहेत, हे मी अगदी मनापासून सांगते.

पहिल्या आठ मिनिटांचं सविस्तर सांगते, कारण पुस्तकी उत्तरांत नेमकं हेच गाळलेलं असतं.

खेळ सुरू झाल्या झाल्या टाउन सेंटरमध्ये व्हिलेजर लावायचे. 200 अन्नात चार येतात. तिघांपैकी दोघांनी मिळून एक घर बांधायचं, तिसऱ्यानं दुसरं. घराला 25 लाकूड लागतं आणि त्यात पाच जणांची सोय होते. घर नसेल तर नवा माणूस येतच नाही, आणि नवशिक्यांचा निम्मा वेळ इथे वाया जातो: अन्न आहे, टाउन सेंटर मोकळं आहे, पण घर नाही. जागा संपायला दोन माणसं उरली की पुढचं घर सुरू करायचं, एवढी एक शिस्त लावून घ्यावी. टेहळ्यानं टाउन सेंटरभोवती गोल गोल फिरत मेंढ्या शोधायच्या. चार जवळच असतात, बाकीच्या दोन-दोनच्या जोड्यांनी थोड्या लांब सापडतात. एका मेंढीत 100 अन्न असतं. त्या टाउन सेंटरला अगदी चिकटून आणायच्या, म्हणजे ये-जा वाचते, आणि एका वेळी एकच मारायची, कारण मारून ठेवलेलं मांस सडत जातं. घाईत मुलं सगळ्या मेंढ्या एकदम कापतात आणि निम्मं अन्न मातीत जातं.

सहा माणसं मेंढ्यांवर झाली की पुढची तीन-चार लाकडावर. झाडांना लागून लंबर कॅम्प, म्हणजे तोडलेलं लाकूड जमा करायची जागा, बांधायचा, 100 लाकूड लागतं. लागून म्हणजे खरंच लागून. मध्ये चार पावलांची जागा सोडली तर ती चार पावलं प्रत्येक माणूस प्रत्येक खेपेला चालतो.

मग डुक्कर. हा सगळ्या मुलांचा आवडता भाग आणि सगळ्यांना घाबरवणाराही. रानडुकरात 340 अन्न असतं, म्हणजे साडेतीन मेंढ्यांइतकं, आणि जवळपास दोन डुकरं मिळतात. एकट्या व्हिलेजरनं जाऊन बाण मारायचा आणि लगेच टाउन सेंटरकडे पळायचं. डुक्कर चवताळून मागे येतं. टाउन सेंटरपाशी पोचलं की पळणाऱ्या माणसाला आत घ्यायचं आणि मेंढ्यांवरच्या सगळ्यांनी मिळून डुक्कर मारायचं. व्हिलेजरचा जीव 25 चा असतो, डुकराच्या चार धडकांत संपतो. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्यानं आधी टाउन सेंटरमध्ये मिळणारी ‘लूम’ ही सुधारणा घ्यावी. 50 सोनं लागतं आणि जीव 40 होतो. मोठे खेळाडू लूम उशिरा घेतात, कारण त्यातही टाउन सेंटरची 25 सेकंद जातात. पण नवशिक्याचा एक माणूस मेला तर नुकसान त्याहून जास्त, शिवाय त्याचं मन खचतं ते वेगळं. लूम आधीच घ्यावं, माझं हे मत पक्कं आहे.

डुक्कर चालू असतानाच बोरांच्या झुडपांपाशी मिल (अन्न जमा करायची जागा) बांधून चार माणसं तिथे लावायची. त्यानंतर येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस लाकडाला. हे का, असं मुलं विचारतात. कारण मेंढ्या आणि डुकरं संपली की शेती करावी लागते आणि एका शेताला 60 लाकूड लागतं. दहा शेतं म्हणजे 600 लाकूड. अन्न हे पुढे लाकडातूनच येणार असतं. असं करत एकवीस व्हिलेजर झाले, त्यांतले दहा लाकडावर, चार बोरांवर, बाकीचे मांसावर, की 500 अन्न साठलेलं असतं आणि फ्यूडल एजचं बटण दाबता येतं. टाउन सेंटर एकदाही रिकामं राहिलं नसेल तर घड्याळात साधारण आठ मिनिटं झालेली असतात, आणि दहाव्या मिनिटाला फ्यूडल एज लागतं. नव्या मुलाला बारा मिनिटं लागली तरी मी त्याची पाठ थोपटते. तेरा-चौदा लागली तर आम्ही मिळून शोधतो की घर कुठे राहिलं होतं.

आमच्याकडे एक जैन कुटुंबातला मुलगा येतो. त्याला मेंढ्या मारायच्या नसत. आधी तो नुसत्या बोरांवर आणि शेतांवर खेळायचा आणि फार मागे पडायचा, पण नियम त्यानं सोडला नाही. मग 2022 साली ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हा भाग आला. त्यात हिंदुस्तानी, द्रविड, बंगाली आणि गुर्जर अशी भारतातली वेगवेगळी राज्यं आली. गुर्जरांना सोय अशी की जनावरं न मारता मिलमध्ये ठेवली की तिथून हळूहळू अन्न येत राहतं. आता तो गुर्जरच घेतो. वेग थोडा कमी पडतो, पण ते अन्न लवकर संपत नाही, आणि विसाव्या मिनिटाला त्याचं कोठार इतरांपेक्षा भरलेलं असतं. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

दगडाविषयी स्वतंत्र सांगायलाच हवं. सुरुवातीला मिळणारे 200 दगड बघून प्रत्येक मुलाचा हात बुरुजाकडे जातो. एका बुरुजाला 125 दगड लागतात, म्हणजे एक बुरूज बांधला की उरलेल्या 75 चं काही होत नाही. हे दगड राखून ठेवायचे. कॅसल एजला नवं टाउन सेंटर 275 लाकूड आणि 100 दगडांत होतं. म्हणजे एकही माणूस दगडाच्या खाणीवर न पाठवता सुरुवातीच्या 200 दगडांत आणखी दोन टाउन सेंटरं उभी राहतात, आणि एकाऐवजी तीन ठिकाणांहून माणसं निघायला लागतात. ज्या मुलाला हे कळलं त्याचं राज्य पाच मिनिटांत ओळखू येत नाही. तिथूनच ती शंभर-सव्वाशे माणसांची वस्ती होते, जिच्या जोरावर पुढे 650 दगडांचा किल्ला सहज परवडतो. किल्ला आधी आणि वस्ती नंतर असं करू गेलं की दोन्ही हातचं जातं.

आपल्याकडच्या मुलांना हे पटवायला मला देवगिरीची गोष्ट उपयोगी पडते. अल्लाउद्दीन खिलजीनं 1296 साली देवगिरीला वेढा घातला. किल्ला असा की खंदक, कडा आणि भुयारी वाटेमुळे तो लढून घेणं जवळजवळ अशक्य. पण किल्ल्यात घाईनं नेलेल्या पोत्यांत धान्य नसून मीठ निघालं, असं सांगतात, आणि रामदेवरायाला तह करावा लागला. मुलं ही गोष्ट सहलीत ऐकून आलेली असतात. किल्ला बांधून आत कोंडून बसलेल्या मुलाला मी एवढंच विचारते, “पोत्यांत काय आहे रे?” तो लगेच शेतं मोजायला लागतो.

आणि हो, “काकू, यात मराठे का नाहीत?” हा प्रश्न दर नवीन मुलगा विचारतो. खेळाचा काळ 1600 च्या आसपास संपतो आणि शिवाजी महाराजांचा जन्म 1630 चा. देवगिरीचे यादव काळात बसतात, पण त्यांनाही खेळात वेगळं राज्य दिलेलं नाही. मुलं खट्टू होतात, पण तारखा मात्र कायमच्या लक्षात राहतात.

आता आर्मी. मुलांच्या दृष्टीनं हाच खेळ, आणि मीही तो नाकारत नाही. शेवटी जिंकायचं तर लढावंच लागतं. पण नवशिक्यानं सगळ्या प्रकारचं थोडं थोडं सैन्य काढू नये. एकच प्रकार धरावा, त्याची हत्यारं लोहाराकडून सुधारून घ्यावी आणि तेच वाढवावं. दहा-बारा सुधारलेले धनुर्धर एकत्र असले तर ते पाच प्रकारच्या पंधरा शिपायांना भारी पडतात. कोण कुणाला मारतो हे पाठ करावं लागतं, त्याला इलाज नाही. भालेवाला घोडेस्वाराला मारतो. घोडेस्वार धनुर्धराला गाठून मारतो. धनुर्धर पायदळाला लांबूनच टिपतो, आणि धनुर्धराला लांबून त्रास देणारा म्हणजे ‘स्कर्मिशर’, भाला फेकणारा. यात ध्यानात ठेवायची गोष्ट सोन्याची. नाइट म्हणजे चिलखती घोडेस्वार 60 अन्न आणि 75 सोन्याला पडतो. त्याला पाडणारा भालेवाला 35 अन्न आणि 25 लाकडाला, सोनं शून्य. स्कर्मिशरलाही सोनं लागत नाही. सोन्याच्या खाणी संपतात, झाडं सहसा संपत नाहीत. ज्याची शेती आणि लाकूड चोख आहे तो श्रीमंत घोडदळापुढेही टिकतो. इथेही बघा, निकाल पुन्हा माणसांवरच येतो.

लढताना मुलं घर विसरतात. समोरासमोर भिडले की दोघांची नजर त्या पंधरा शिपायांवर खिळते आणि दोघांची टाउन सेंटरं रिकामी. मी मागे उभी राहून फक्त “एच” म्हणते. ज्यानं लढाईच्या मध्यात एच दाबून दोन व्हिलेजर लावले आणि मग परत लढाईकडे वळला, त्याचे शिपाई मेले तरी तो पुढची फळी आधी आणतो. हे जमायला वेळ लागतो, घाई करू नये.

राज्य कुठलं घ्यावं? फ्रँक्स घ्यावेत. त्यांना शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात आणि घोडेस्वारांचा जीव वीस टक्के जास्त असतो, म्हणजे शेतं करायची आणि नाइट काढायचे, सरळ रस्ता. ब्रिटन्सही चांगले, त्यांचे मेंढपाळ 25 टक्के जास्त वेगानं काम करतात आणि धनुर्धरांचा पल्ला लांब असतो. हूण मात्र पहिल्या महिन्यात घेऊ नयेत. त्यांना घरं बांधावीच लागत नाहीत, म्हणून मुलांना ते सोपे वाटतात, पण मग घरांची शिस्त कधीच लागत नाही आणि दुसरं राज्य घेतलं की मूल पुन्हा पहिल्या ठिकाणी येतं. समुद्राचे नकाशे, तोफा, व्यापारी गाड्या, हे सगळं नंतर.

खेळात शिकवण्यासाठी विल्यम वॉलेसची मोहीम दिलेली आहे, स्कॉटलंडच्या लढ्याची. त्यातला पहिला धडा चालणं आणि लढणं हा आहे, सैन्याला जेवू घालणं हा दुसरा. माझ्या मते क्रम उलटा हवा होता. मी मुलांना दुसऱ्या धड्याकडून पहिल्याकडे आणते. त्या मोहिमेचा शेवट फॉल्कर्कच्या लढाईनं होतो, तिथे मूल जिंकतं. खऱ्या इतिहासात 1298 साली फॉल्कर्कला वॉलेस हरला होता, तेवढं शेजारी बसणाऱ्यानं सांगावं. नव्या आवृत्तीत ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे छोटे सराव आहेत, ते मात्र उत्तम. त्यांत पहिल्या काही मिनिटांची अर्थव्यवस्था, लवकर कॅसल एज गाठणं, वस्ती वाढवणं, हल्ला परतवणं असे सुटे सुटे धडे आहेत आणि किती चांगलं जमलं त्याप्रमाणे पदक मिळतं. त्या आईंनी मुलाला तिथून सुरुवात करून द्यावी. चीटकोड मात्र नकोत. ‘हाऊ डू यू टर्न धिस ऑन’ टाइप केलं की मध्ययुगात मशीनगनची मोटार येते आणि मुलं हसून लोळतात, तो आनंद मी कुणाचा हिरावत नाही, पण त्या दिवशी शिकणं होत नाही.

मोबाइलवरच्या राज्याच्या खेळांबद्दल त्या आईंनी विचारलं, तर माझं म्हणणं स्पष्ट आहे. त्यांतल्या बऱ्याच खेळांत इमारत पूर्ण व्हायला आधी मिनिटं, मग तास, मग दिवस लागतात, आणि पैसे भरले की तो वेळ कमी होतो. तिथे मूल जे शिकतं ते एवढंच की वाट बघायची नसेल तर बाबांचा फोन मागायचा. माझ्याकडे दुकानात अशी बिलं घेऊन रडवेले झालेले पालक आलेले आहेत. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये व्हिलेजरला 25 सेकंद लागतात ती सगळ्यांना. मजुराचा मुलगा आणि डॉक्टरांचा मुलगा माझ्या मागच्या खोलीत शेजारी बसतात आणि दोघांच्या टाउन सेंटरवरची ती पट्टी एकाच वेगानं भरते. कुणाच्या बाबांना ती पळवता येत नाही. आणि डाव पाऊण-एक तासात संपतो, उद्यासाठी काही टांगून ठेवत नाही. वेळ ठरवून दिली तर मूल ती पाळू शकतं.

हरल्यावर काय करायचं, तेही त्या आईंना सांगायचं आहे, कारण त्यांच्या पत्रातलं दुःख तेच होतं. डाव संपला की निकालाचे तक्ते येतात. मुलं ते न बघता बंद करतात. तिथे तंत्रज्ञानाच्या तक्त्यात कोण कितव्या मिनिटाला फ्यूडल आणि कॅसल एजला पोचला ते लिहिलेलं असतं. आईनं खेळ न शिकताही तेवढे दोन आकडे रोज कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. काल फ्यूडल सोळाव्या मिनिटाला, आज चौदाव्या. हरला तरी आकडा खाली आला की मुलाला दिसतं की तो पुढे सरकतोय. आमच्याकडे भिंतीवर असा कागद लावलेला आहे आणि जिंकलेल्या डावापेक्षा मुलं त्या कागदाकडे आधी धावतात. शिवाय नव्या आवृत्तीत संपलेला डाव पुन्हा पाहता येतो. रविवारी वडिलांबरोबर बसून तो पाहावा आणि टाउन सेंटर कुठे रिकामं राहिलं ते शोधावं.

संपादक महोदय, आपल्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाचा कोपरा येतो, ‘पांढऱ्यानं खेळून तीन चालींत मात’ असा. माझी मागणी आहे की मुलांच्या पानावर या खेळाचाही एक छोटा कोपरा सुरू करावा. एका डावाचं एकच चित्र छापायचं, इतकं अन्न, इतकं लाकूड, इतकी माणसं, घड्याळात अमुक मिनिट, आणि विचारायचं की पुढचा व्हिलेजर कुठे लावाल. उत्तर पुढच्या रविवारी. बुद्धिबळाइतकाच विचार त्यात लागतो. मी त्यासाठी चित्रं आणि उत्तरं मोफत तयार करून देईन. माझ्याकडची मुलं आत्ताच कुठलं चित्र पहिलं द्यायचं यावर भांडतायत. बहुतेकांचं मत दुसऱ्या डुकराच्या बाजूनं आहे: पहिलं संपत आलंय, लूम घेतलेलं नाही, लाकूड 40, घरात एकच जागा शिल्लक.

आपली नम्र,
एक वाचक, मिरज